रूपाला साजेल तोच साज : बालगंधर्व

मराठी स्त्रीने साडी कशी नेसावी, पदर कसा घ्यावा, अंबाड्यावर गजरा कोठे माळावा, याचे धडे विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत एका पुरुषाने दिले, असे आजच्या तरुण पिढीला सांगितले तर तिचा चटकन विश्वास बसणार नाही. पण पुण्या-मुंबईपासून वऱ्हाड-खानदेशापर्यंतच्या सुखवस्तू घरांतील स्त्रिया नाटकाला जात, त्या केवळ पदे ऐकायला नव्हे; रंगमंचावरील नायिकेचा शालू आणि तिच्या दागिन्यांची ठेवण डोळ्यांत साठवून त्या घरी परतत. ती नायिका म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व.

त्यांच्या गायकीवर आजवर विपुल लेखन झाले आहे. आवाजाची जात, तान, लय आणि शब्दोच्चार यांवर जाणकारांनी ग्रंथ लिहिले. त्या मानाने त्यांच्या वेशभूषेचा उल्लेख होतो तो उधळपट्टीच्या संदर्भात. भरजरी शालू, उंची अत्तरे आणि त्यापायी झालेले कर्ज हे वर्णन ठरून गेले आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. निसर्गाने दिलेला चेहरा आणि बांधा ओळखून त्यावर काय खुलेल, काय लपेल, याचा इतका बारीक विचार करणारा नट मराठी रंगभूमीने क्वचितच पाहिला. आणि वय वाढले, शरीर बदलले, तेव्हा तोच विचार त्यांची सर्वांत अवघड परीक्षा ठरला.

राजहंस घराणे मूळचे नागठाण्याचे. नारायणाचा जन्म २६ जून १८८८चा. मुलाचा गळा लहानपणीच गोड होता. दहा-अकरा वर्षांचा असताना पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचे गाणे ऐकले आणि त्याला बालगंधर्व म्हणून गौरविले. ते नाव त्याला आयुष्यभर चिकटले. पुढे साठी-सत्तरीतही ते बालगंधर्वच राहिले.

किर्लोस्कर नाटक मंडळीला त्या वेळी एका स्त्रीपार्टी नटाची निकड होती. भाऊराव कोल्हटकरांचे १९०१मध्ये निधन झाल्यापासून मंडळीच्या वैभवाला ओहोटी लागली होती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी नारायणावर लोभ ठेवला होता. त्याच्या कानाला दोष होता. महाराजांच्या पुढाकाराने मिरजेच्या मिशन इस्पितळात डॉ. वानलेस यांच्याकडून त्यावर उपचार झाले आणि १९०५मध्ये हा सतरा वर्षांचा मुलगा मंडळीत दाखल झाला. मिरजेलाच तो शकुंतला म्हणून प्रेक्षकांसमोर उभा राहिला.

त्या काळच्या प्रेक्षकाच्या मनातील शकुंतला कशी होती, हेही ध्यानात घ्यायला हवे. राजा रविवर्मा यांनी १८९४मध्ये मुंबईत छापखाना काढल्यानंतर त्यांची शिळाछापील चित्रे घरोघरी पोचली होती. पुराणातील नायिका नऊवारी नेसलेली, भरल्या अंगाची, टपोऱ्या डोळ्यांची असते, हे त्या चित्रांनी लोकांच्या मनावर बिंबविले होते. नारायणाचा गोल चेहरा, मोठे बोलके डोळे आणि मऊ बांधा या कल्पनेशी तंतोतंत जुळणारा होता. रूपाची ही देणगी त्यांच्याकडे उपजत होती. पण नुसत्या रूपावर निभावले असते तर त्या काळच्या डझनभर देखण्या मुलांपैकी कोणीही बालगंधर्व झाला असता.

त्यांची स्त्रीवेशातील जी छायाचित्रे आज उपलब्ध आहेत, ती शांतपणे न्याहाळली की या कारागिरीचा उलगडा होऊ लागतो. पुरुषाचे खांदे रुंद असतात, गळ्याची घाटी पुढे येते, दंड आणि मनगट जाड असते. नऊवारी साडीचा पदर खांद्यावरून अंगभर लपेटून घेतला की खांद्याची रेषा मऊ होते. कोपरापर्यंत बाह्यांचे पोलके दंड झाकते. गळ्याशी घट्ट बसणारी चिंचपेटी किंवा तन्मणी नजर दागिन्यावर खिळवते आणि घाटी विसरायला लावते. मनगटात पाटल्या-बांगड्यांचा भरणा असला की हाताची रुंदी जाणवत नाही. भरगच्च अंबाडा आणि त्याभोवतीची फुले यांमुळे चेहऱ्याची गोलाई प्रमाणात दिसते. यातील प्रत्येक गोष्ट त्या काळी घरंदाज स्त्रिया वापरीतच होत्या. नवे काही शोधून काढलेले नव्हते. नेमके कोणते निवडायचे आणि कोठे थांबायचे, यात त्यांचे कसब होते. नाकातील नथ, कपाळावरील चंद्रकोर आणि कानातील कुड्या ही मांडणी त्यांच्या चेहऱ्यावर गर्दी करीत नाही. हाच सगळा साज दुसऱ्या एखाद्या नटावर चढविला की तो सोंग वाटे.

प्रकाशाचाही विचार करावा लागे. नाटके रात्री उशिरा सुरू होत आणि पहाटेपर्यंत चालत. किटसनच्या बत्त्यांच्या झगझगीत उजेडात फिके रंग विटून जात आणि सफेद्याने रंगविलेला चेहरा पांढराफटक दिसे. गडद रेशीम आणि जरीचा रुंद काठ त्या उजेडात झळाळून उठे आणि चेहऱ्याला उठाव देई. खऱ्या जरीची झळाळी आणि नकली जरीचा चकचकाट यांतला फरक शेवटच्या रांगेतील प्रेक्षकालाही कळतो, अशी त्यांची पक्की धारणा असावी. त्यांच्या सगळ्या खर्चाचा हिशेब तसाच लागतो. अत्तराचा वास तर पडद्यापलीकडे पोचणेही कठीण. तरीही ते उंची अत्तरे वापरीत. ती प्रेक्षकांसाठी कमी आणि स्वतःला नायिका वाटावे यासाठी अधिक होती, असे मानायला जागा आहे.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग झाला. संगीत गोविंदराव टेंबे यांचे. याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग रद्द करण्याची तयारी असतानाही त्यांनी रात्री भामिनीचा वेश चढविला आणि प्रयोग केला, ही हकीकत मराठी नाट्यरसिकांना तोंडपाठ आहे. ती सांगताना त्यांच्या कर्तव्यनिष्ठेवर भर दिला जातो. पण त्या दिवशी ज्या बापाने मुलीला निरोप दिला, त्यालाच संध्याकाळी आरशासमोर बसून कुंकू रेखायचे होते, केसांत फुले माळायची होती आणि लाडाकोडात वाढलेल्या श्रीमंत तरुणीचा नखरा अंगात आणायचा होता, हे सहसा कोणी बोलत नाही.

'मानापमान' हे नाटक मुळात कपड्यांचेच आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. श्रीमंत भामिनी गरीब सेनापती धैर्यधराचा अपमान करते. दागिन्यांनी मढलेला लक्ष्मीधर हास्यास्पद ठरतो. पुढे भामिनी अंगावरचे ऐश्वर्य उतरवून वनमाला या साध्या मुलीच्या वेशात येते आणि त्या वेशातच तिला धैर्यधराचे मोल कळते. म्हणजे एकाच नाटकात बालगंधर्वांना भरजरी साज आणि साधे लुगडे अशा दोन्ही अवस्थांत प्रेक्षकांना जिंकायचे होते. दागिन्यांच्या आधारावाचूनही ही नायिका तितकीच देखणी दिसली पाहिजे, ही संहितेचीच मागणी होती. वनमालेच्या यशातून एक गोष्ट सिद्ध झाली : नटाचे सामर्थ्य शालूच्या किमतीत नव्हते.

१९१३मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. पुढची सात-आठ वर्षे म्हणजे मराठी संगीत रंगभूमीचा सुवर्णकाळ. १९१६मध्ये 'संशयकल्लोळ'मधील रेवती आणि भास्करबुवा बखले यांच्या संगीताने नटलेल्या 'स्वयंवर'मधील रुक्मिणी आली. रुक्मिणी राजकन्या, रेवती गणिकेची मुलगी. दोघींच्या साडीचे रंग, दागिने, चालण्याची ढब वेगळी असायला हवी आणि ती तशी असे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय मंडळीला लाभला. साथीला अहमदजान थिरकवाँचा तबला आणि कादरबक्ष यांची सारंगी असे. प्रेक्षागृहात स्त्रियांची गर्दी वाढू लागली, ती या काळात. मध्यमवर्गीय घरातील स्त्रीने नाटकाला जाणे तोवर फारसे प्रशस्त मानले जात नसे. बालगंधर्वांच्या नायिकेचे वागणे-नेसणे इतके घरंदाज होते, की तिला पाहायला जाण्यात कोणाला काही वावगे वाटेनासे झाले. मग त्यांच्यासारखी साडी, त्यांच्यासारखे केस, असे लग्नसमारंभांत सर्रास दिसू लागले.

येथे एक विसंगती नजरेआड करता येत नाही. समाजातील खऱ्या स्त्रियांना रंगमंचावर उभे राहण्याची मुभा नव्हती आणि त्यांनी कसे दिसावे, हे मात्र पुरुषाच्या अंगावरील साडीवरून ठरत होते. नऊवारीच्या ज्या लकबींनी बालगंधर्वांच्या अंगाचे दोष झाकले, त्या लकबी ते दोष नसलेल्या स्त्रियाही गिरवू लागल्या. अनुकरणात नेहमी असेच होते. ज्याने निवड केली त्याने ती स्वतःच्या रूपाकडे पाहून केलेली असते. ज्यांनी उचलली त्यांनी त्याच्याकडे पाहून.

२० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यात राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' रंगमंचावर आले. गडकरी त्याआधी महिनाभरच, २३ जानेवारीला, निवर्तले होते. दारूपायी उद्ध्वस्त झालेल्या सुधाकराची पत्नी सिंधू ही भूमिका बालगंधर्वांच्या वाट्याला आली. शालू-पैठण्यांच्या अनभिषिक्त राणीला आता फाटक्या, ठिगळ लावलेल्या लुगड्यात जात्यावर बसायचे होते. अंगावर दागिना नाही आणि केसांत फूलही नाही. प्रेक्षकांना सवय होती ती झगमगाटाची. ती मोडण्यात धोका होता. परंतु सिंधूच्या रूपात त्यांनी लोकांना जितके रडविले तितके क्वचितच कोणी रडविले असेल. चेहऱ्याची ती गोलाई आणि ते मोठे डोळे येथे दैन्याच्या कामी आले. साजाने जे रूप खुलविले होते, तेच रूप साज उतरल्यावर अधिक केविलवाणे झाले. जाणकारांपैकी अनेक जण सिंधूलाच त्यांची सर्वश्रेष्ठ भूमिका मानतात, आणि त्यात तथ्य आहे.

खर्चाच्या बाबतीत मात्र त्यांनी सिंधूपासून काही धडा घेतला नाही. १९२०मध्ये 'द्रौपदी' आले. मयसभेच्या देखाव्यावर, पडद्यांवर, वस्त्रांवर पैसा पाण्यासारखा ओतला गेला. टेंबे आणि बोडस एव्हाना मंडळीतून बाहेर पडले होते आणि हिशेब विचारणारे कोणी उरले नव्हते. मंडळी कर्जात बुडाली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत केशवराव भोसले यांच्यासह संयुक्त 'मानापमान'चा ऐतिहासिक प्रयोग झाला. त्यात केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होते. तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत गेला. देशकार्यासाठी असे पैसे उभे करणारा नट स्वतः लाखाच्या घरातल्या देण्याखाली होता. चाहते वर्गणी काढून ते फेडायला तयार झाले. त्यांनी नकार दिला आणि पुढे कित्येक वर्षे प्रयोग करून स्वतः कर्ज फेडले. व्यवहारात ते भोळे होते, हे खरेच. पण सादरीकरणात काटकसर करून कर्ज लवकर फेडावे, असे त्यांच्या मनात आल्याचे दिसत नाही.

केशवराव भोसले यांचा उल्लेख आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. त्यांनीही कारकिर्दीची सुरुवात स्त्रीभूमिकांनी केली होती; लहानपणी त्यांची शारदा गाजली होती. वय वाढल्यावर ते पुरुषभूमिकांकडे वळले. त्याआधी भाऊराव कोल्हटकरांनीही तेच केले होते. शकुंतला, सुभद्रा साकारणारे भाऊराव पुढे 'शारदा'मध्ये कोदंड झाले. शरीर थोराड झाले की स्त्रीवेश उतरवायचा, ही स्त्रीपार्टी नटांची रुळलेली वाट होती. बालगंधर्वांनी ती वाट धरली नाही. १९२१ साली ते ३३ वर्षांचे होते आणि पुढील दोन दशकांहून अधिक काळ ते नायिकाच राहिले.

याचा परिणाम हळूहळू दिसू लागला. अंग सुटले, चेहरा जड झाला. एकेकाळी जो पदर खांद्याची रेषा मऊ करी, त्याला आता बरेच काही झाकावे लागे. जुने रसिक डोळे मिटून ऐकत आणि गाण्यावर खूष असत. नव्या प्रेक्षकाला मात्र समोर दिसत होता पन्नाशीकडे झुकलेला पुरुष. दरम्यान काळही बदलला. १९३१मध्ये बोलपट आला. १ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक या स्त्रियाच स्त्रीभूमिकांत उभ्या राहिल्या. साधी सहावारी साडी, घरातले वाटावे असे बोलणे, आणि शेजारी पुरुषनायिकेचा जडजवाहीर. या तुलनेत दुसऱ्याचा निभाव लागणे अवघड होते.

बालगंधर्वांना हे कळत नव्हते, असे म्हणवत नाही. याच सुमारास त्यांनी घेतलेल्या भूमिका पाहाव्यात. १९३१मध्ये 'कान्होपात्रा', १९३३मध्ये मीराबाईवरील 'अमृतसिद्धी'. मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी विठ्ठलाच्या पायी शरण जाते, राजघराण्यातील मीरा वैभव टाकून भजनात रमते. दोन्ही नायिका साजशृंगारापासून दूर जाणाऱ्या. भक्ताच्या साध्या वस्त्रात बांध्याकडे कोणी पाहत नाही. तेथे तंबोरा आणि आर्त स्वर पुरेसा असतो. उतारवयाला साजेसा वेश त्यांनी स्त्रीवेश न सोडताच शोधला होता. मास्टर कृष्णरावांच्या चालींमुळे त्यातील भजनपदे लोकांच्या ओठी बसली आणि ती आजही गायली जातात. पण गल्ल्यावर जुनी गर्दी परतली नाही.

मग एक प्रयत्न उलट दिशेने झाला. प्रभात फिल्म कंपनीशी करार करून बालगंधर्व व्ही. शांताराम दिग्दर्शित 'धर्मात्मा'मध्ये संत एकनाथ झाले. हा चित्रपट १९३५चा. धोतर, उपरणे, कपाळी गंध असे त्यांचे पुरुषरूप पडद्यावर आले आणि ते त्यांना शोभलेही. शांत, सात्त्विक चेहरा, मवाळ नजर. वयाला आणि अंगाला अनुरूप असा हा वेश होता; निसर्ग त्यांना जे सांगत होता त्याच्याशी कसलाही झगडा त्यात नव्हता. पण ते त्यात रमले नाहीत. कॅमेऱ्यासमोर तुकड्यातुकड्यांनी काम करणे त्यांच्या वृत्तीला मानवले नाही, आणि नायिकेवाचून त्यांना करमलेही नाही. प्रभातबरोबरची भागीदारी तेथेच संपली. पुढच्याच वर्षी, १९३६मध्ये, प्रभातच्याच 'संत तुकाराम'मध्ये विष्णुपंत पागनीस यांनी तुकोबांची भूमिका केली आणि ते अजरामर झाले. पागनीसही मूळचे स्त्रीपार्टी नट. तीच संस्था, संतपटाचाच साचा, नटाची पार्श्वभूमीही सारखी. एकाला त्या वेशात स्वतःचे नवे रूप सापडले, दुसऱ्याला तो परका वाटला. १९३७च्या 'साध्वी मीराबाई'मध्ये बालगंधर्व पडद्यावरही स्त्री म्हणून आले. रंगभूमीवर बत्तीचा उजेड आणि अंतर यांनी जे सांभाळून घेतले, ते कॅमेऱ्याने सांभाळले नाही.

त्यानंतरची वर्षे उताराची. कर्नाटकातून आलेल्या गायिका-अभिनेत्री गोहरबाई कंपनीत दाखल झाल्या. बालगंधर्वांची गायकी त्यांनी आत्मसात केली होती. त्यांच्या सहवासावरून बालगंधर्वांवर बरीच टीका झाली, जुनी माणसे दुरावली. १९४०मध्ये पत्नी लक्ष्मीबाई निवर्तल्या. कंपनी चालेनाशी झाली, तसे भजनाचे कार्यक्रम वाढले. शेवटी पाय अधू झाले आणि ते बसूनच गात. त्या बैठकीत साधे धोतर-सदरा नेसलेल्या या म्हाताऱ्याने आळवायला सुरुवात केली, की जुन्या मंडळींना समोर रुक्मिणी दिसे.

मानसन्मान उशिरा आले. १९५५मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४मध्ये पद्मभूषण. त्याच वर्षी गोहरबाई गेल्या. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात बालगंधर्वांचे निधन झाले.

त्यांच्या नावाच्या पुण्यातील रंगमंदिराची कोनशिला १९६२मध्ये त्यांच्याच हस्ते बसविण्यात आली होती. इमारत पुरी झालेली पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, ते खुले झाले. या रंगमंदिरासाठी चित्रकार गोपाळ देऊसकर यांनी बालगंधर्वांची दोन तैलचित्रे रंगविली. एकात ते पुरुषवेशात आहेत, दुसऱ्यात स्त्रीवेशात. नाटकाच्या मध्यंतरात या चित्रांशी थांबणारे काही जण दोन्ही चेहरे एकाच माणसाचे आहेत ना, अशी शेजाऱ्याकडे चौकशी करतात.